पडद्यापलीकडची खुर्ची

विमान सुटायला सहा दिवस होते तेव्हा तो मेल आला. आईला घेऊन मी भावाकडे टोरोंटोला निघाले होते. तिकिटं तीन महिने आधी काढलेली, अर्थातच इकॉनॉमीची. मेलमध्ये लिहिलं होतं, की बिझनेस क्लासमध्ये बसायचं असेल तर मी 'बोली' लावू शकते. खाली एक पट्टी होती आणि तिच्यावर सरकणारं बटण. बटण डावीकडे असलं की बाजूचा काटा लाल, म्हणजे शक्यता कमी. उजवीकडे नेलं की पिवळा, आणखी उजवीकडे नेलं की हिरवा. काटा हिरवा होईपर्यंत रक्कम माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या पुढे गेली होती.

आई बहात्तर वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. वाटेत युरोपात विमान बदलायचं आणि सगळं मिळून सतरा-अठरा तास बसायचं. बोली फक्त तिच्यासाठी लावावी म्हटलं, तर तशी सोय नव्हती. एका बुकिंगवर दोघी, म्हणून बोलीही दोघींसाठी. मी बटण पिवळ्यात कुठेतरी सोडलं, कार्डाचा नंबर टाकला आणि वाट बघत बसले.

वाट बघताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. मी नेमकं काय विकत घेत होते? खुर्ची तर तीच, विमानाच्या पोटात आधीच बसवलेली. मी बसले नाही तरी ती टोरोंटोला जाणारच. तिची किंमत कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि ती मला भाजीच्या लिलावासारखी का विचारली जाते? थोडं वाचायला घेतलं आणि शोधता शोधता विमानाच्याही आधीच्या काळात जाऊन पोहोचले.

छप्पर नसलेला डबा

ज्यूल द्युपुई हा फ्रान्समधला इंजिनिअर. रस्ते, पूल, कालवे ही त्याची कामं. पुलावरून जाणाऱ्याकडून किती टोल घ्यावा, या साध्या प्रश्नावरून तो अर्थशास्त्रात शिरला. १८४९ साली त्याने रेल्वेच्या वर्गांबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. त्या काळी काही गाड्यांमध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं, बसायला नुसती लाकडी फळी. लोकांना वाटायचं, कंपनी गरिबांच्या बाबतीत कंजूष आहे. द्युपुई म्हणाला, तसं नाही. छपराला काही फार पैसे लागत नाहीत. पण तिसऱ्या वर्गाला छप्पर घातलं, तर ज्यांना दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं तेही तिसऱ्यात येऊन बसतील. म्हणजे पावसात भिजतो गरीब, पण कंपनीला घाबरवायचं असतं ते त्याच्या वरच्या माणसाला.

हा विचार मी दोनदा वाचला. वर्ग दोन पद्धतींनी वेगळे ठेवता येतात. वरचा चांगला करून किंवा खालचा वाईट करून. आणि खालचा वाईट करायला पुष्कळदा खर्च येतच नाही, उलट वाचतो. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत प्रवासाचं वाहन बदललं, पण हे गणित तसंच राहिलं.

सँडविचची भानगड

विमानात मात्र सुरुवातीला वर्गच नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले तेव्हा त्यांच्या छोट्याशा पुस मॉथ विमानात टपाल होतं. नंतरच्या वर्षांत माणसं विमानाने जाऊ लागली, पण तिकिटाचा आकडाच इतका मोठा असायचा की वेगळा वर्ग काढायची गरज नव्हती. जो विमानात बसला तो आपोआप पहिल्या वर्गाचा.

वर्ग आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत कॅपिटल एअरलाइन्सने १९४८ मध्ये न्यूयॉर्क ते शिकागो रात्रीची स्वस्त 'कोच' सेवा सुरू केली. रात्री विमानं नाहीतरी उभीच असायची, त्यांत दाटीवाटीने खुर्च्या बसवल्या आणि भाडं कमी केलं. १९५२ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत 'टुरिस्ट' वर्ग आला. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी'.

त्या काळात कंपन्यांना मनाला येईल ते भाडं लावता येत नव्हतं. आंतरराष्ट्रीय भाडी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या बैठकांमध्ये ठरत आणि सरकारं त्यांवर शिक्का मारत. न्यूयॉर्क-लंडन कोणत्याही कंपनीने जा, भाडं एकच. मग स्पर्धा करायची कशावर? जेवणावर. ते ओळखून आयाटाने इकॉनॉमीचं जेवणही ठरवून टाकलं. फक्त सँडविच, तेही साधं, थंड आणि स्वस्त. स्कँडिनेव्हियातल्या एसएएस कंपनीने सँडविच दिलं खरं, पण त्यांच्याकडे सँडविच म्हणजे पावाच्या तुकड्यावर मासे, मांस, भाज्या असं भरगच्च ताट. पॅन अ‍ॅमने तक्रार केली. सँडविच कशाला म्हणायचं यावर १९५८ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी गंभीरपणे भांडले आणि एसएएसला वीस हजार डॉलर्सचा दंड झाला.

आता हे वाचून हसू येतं. पण दंड सँडविचचा नव्हताच, इकॉनॉमीवर छप्पर घातल्याचा होता.

या जगात अपग्रेड म्हणजे मेहेरबानी. भाडं बदलता येत नाही, पण पुढची रिकामी खुर्ची कोणाला द्यायची हे काउंटरवरच्या माणसाच्या हातात. ओळखीचा, रुबाबदार, नवविवाहित किंवा नुसताच गोड बोलणारा. 'सूट घालून गेलं की अपग्रेड मिळतं' हा जो सल्ला अजून फिरतो, त्याचं मूळ त्या काळात आहे.

आपलं मंडईचं गणित

१९७० च्या जानेवारीत पॅन अ‍ॅमचं बोइंग ७४७ प्रवाशांसह पहिल्यांदा उडालं. पुढच्या वर्षी एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', मुंबईत आलं. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी गोल जिन्याने वर जायचं आणि वरच्या मजल्यावर बैठकीची खोली. राजवाड्यासारखी सजावट, झरोक्यांची चित्रं असलेल्या खिडक्या. पण जंबोचा खरा अर्थ वरच्या मजल्यावर नव्हता, खालच्या साडेतीनशे खुर्च्यांमध्ये होता. एवढ्या खुर्च्या भरायच्या कशा?

लंडनला बीओएसी कंपनीने एक उपाय केला. तीन आठवडे आधी तिकीट काढणाऱ्यांना सवलत. पण त्यातून नवीन पेच आला. सवलतीच्या जागा किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर विमान रिकामं जाणार. जास्त ठेवल्या तर ऐनवेळी पूर्ण भाडं द्यायला तयार असलेला माणूस आला की त्याला जागा नाही.

बीओएसीमध्ये काम करणाऱ्या केन लिटलवुडने १९७२ मध्ये याचं उत्तर मांडलं. आज जगभरातल्या विमान तिकिटांच्या किमतींमागे जे काही चालतं, त्याचा पाया हे उत्तर आहे. ते आपल्या मंडईच्या भाषेत सांगते.

भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या दोन जुड्या उरल्यात. एक गिऱ्हाईक म्हणतं, आत्ता आठ रुपयांना दे. तिला माहीत आहे की संध्याकाळी ऑफिसातून घाईने घरी जाणारं गिऱ्हाईक वीस रुपये देईल, पण ते येईलच असं नाही. तिने काय करावं? वीस रुपयांचं गिऱ्हाईक येण्याची शक्यता निम्मी असेल, तर थांबण्याची किंमत दहा रुपये. दहा आठपेक्षा जास्त, म्हणून थांबावं. शक्यता तीस टक्केच असेल, तर थांबण्याची किंमत सहा. मग आठ घेऊन जुडी देऊन टाकावी. लिटलवुडचा नियम एवढाच. आजचे नक्की पैसे आणि उद्याचे कदाचित पैसे, यांत जे मोठं ते घ्या. प्रत्येक खुर्चीसाठी, रोज, पुन्हा पुन्हा.

मंडईतली बाई हे अनुभवाने करते. विमान कंपन्यांना त्यासाठी कॉम्प्युटर लागला आणि तो त्यांच्याकडे होता. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमबरोबर बनवलेली 'सेबर' ही आरक्षण व्यवस्था १९६० च्या दशकातच सुरू झाली होती. कोण किती दिवस आधी तिकीट काढतं, कोण रद्द करतं, सगळं तिच्यात साठत होतं.

बिझनेस क्लास कोणासाठी काढला?

सवलतींमुळे एक गंमत झाली. कंपनीच्या कामाने जाणारा माणूस आदल्या दिवशी पूर्ण भाडं भरून तिकीट काढायचा आणि त्याच्या शेजारी निम्म्या पैशांत सुट्टीला निघालेलं कुटुंब. खुर्ची तीच, जेवण तेच. तो चिडायचा, आणि चिडायला कारण होतं.

त्याला शांत करण्यासाठी पूर्ण भाडं भरणाऱ्यांना विमानात वेगळं बसवायला सुरुवात झाली. मध्ये पडदा, फुकट पेय, शेजारची खुर्ची शक्यतो रिकामी. १९७८-७९ मध्ये पॅन अ‍ॅम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास अशा कंपन्यांनी त्याला नाव दिलं आणि बिझनेस क्लास जन्माला आला. म्हणजे तो मुळात श्रीमंतांसाठी काढलेला नव्हता. इकॉनॉमीतल्याच चिडलेल्या गिऱ्हाइकाची ती समजूत होती.

पुढे तो वाढतच गेला. ब्रिटिश एअरवेजने १९९० च्या दशकाच्या मध्यात फर्स्ट क्लासमध्ये सपाट पलंग आणला आणि २००० मध्ये बिझनेसमध्येही. बिझनेसमध्येच झोपायला मिळू लागलं, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी फर्स्ट क्लास काढूनच टाकला. बिझनेस आणि इकॉनॉमी यांच्यात आता एवढी मोठी दरी पडली की तिच्यात आणखी एक वर्ग मावला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तैवानच्या इव्हा एअरने आणि व्हर्जिन अटलांटिकने तो सुरू केला होता. आजचा प्रीमियम इकॉनॉमी. तो पाहिला की जुन्या लोकांना वाटतं, ही तर आमची पूर्वीची इकॉनॉमी.

उतरण्याचा लिलाव, मग चढण्याचा

सगळ्या खुर्च्या भरायच्या तर आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकावी लागतात, कारण काही लोक येतच नाहीत. कधी सगळेच येतात. १९७२ मध्ये अमेरिकेत राल्फ नेडर या ग्राहक चळवळीच्या प्रसिद्ध नेत्याला तिकीट असूनही ॲलेगेनी एअरलाइन्सने विमानात घेतलं नाही. नेमका नको तो माणूस बाहेर ठेवला गेला. नेडर कोर्टात गेले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

त्याच्या चार वर्षं आधी, १९६८ मध्ये, ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने एक साधी युक्ती सुचवली होती. गर्दी झाली तर कोणाला उतरवायचं हे कंपनीने ठरवू नये. प्रवाशांनाच विचारावं, किती पैसे दिले तर तुम्ही पुढच्या विमानाने जाल? सर्वांत कमी मागेल त्याला उतरवा. ज्याला घाई आहे तो जाईल, ज्याला नाही त्याला पैसे मिळतील. दहा वर्षं त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिलं नाही. मग १९७७ मध्ये अल्फ्रेड कान हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक अमेरिकेच्या विमान वाहतूक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि १९७८ मध्ये स्वेच्छेने उतरणाऱ्यांना आधी विचारण्याचा नियम आला. विमानातल्या जागेचा लिलाव हा असा सुरू झाला. पुढच्या खुर्चीसाठी नव्हे, बाहेर पडण्यासाठी.

त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. आता सगळंच खुलं. १९८१ मध्ये पीपल एक्सप्रेस नावाची नवी कंपनी आली, अगदी स्वस्त. सामान टाकायचे वेगळे पैसे, खाण्याचे वेगळे पैसे. जुन्या कंपन्या घाबरल्या. अमेरिकन एअरलाइन्सने जानेवारी १९८५ मध्ये उत्तर दिलं. तेवढीच स्वस्त तिकिटं, पण फक्त त्या खुर्च्यांवर ज्या नाहीतर रिकाम्या गेल्या असत्या. बाकीच्या पूर्ण भाड्यासाठी राखून ठेवलेल्या. लिटलवुडचा नियम हत्यारासारखा वापरला गेला. पीपल एक्सप्रेसकडे असा कॉम्प्युटर नव्हता आणि १९८७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विरून गेली. या पद्धतीने तीन वर्षांत १४० कोटी डॉलर्सचा फायदा झाला, असा हिशोब अमेरिकन एअरलाइन्सच्या लोकांनीच १९९२ मध्ये प्रसिद्ध केला.

याच काळात अपग्रेडचं रूपही बदललं. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हांटेज' योजना सुरू केली. जितकं उडाल तितके मैल खात्यात. मैल साठले की फुकट तिकीट, नाहीतर पुढची खुर्ची. काउंटरवरच्या माणसाची मर्जी संपली आणि यादी सुरू झाली. यादीत तुमचा क्रमांक तुमच्या निष्ठेवर, म्हणजे तुमच्या ऑफिसने तुमच्यावर केलेल्या खर्चावर. त्याच वर्षी त्या कंपनीने आणखी एक गोष्ट विकली. अडीच लाख डॉलर्स भरा आणि आयुष्यभर फर्स्ट क्लासने कितीही फिरा. ज्यांनी घेतलं त्यांच्यातले काही खरोखरच कितीही फिरले. जेवायला दुसऱ्या शहरात जाऊन परत येण्याइतके. कंपनीला या पासचा पुढे कित्येक वर्षं पश्चात्ताप होत राहिला.

आणि मग बोली

तरीही बराच काळ अपग्रेड हे बक्षीसच होतं. अमेरिकेत डेल्टा कंपनीच्या देशांतर्गत विमानांमध्ये दीड दशकापूर्वी पुढच्या दर आठ-दहा खुर्च्यांपैकी जेमतेम एखादीच पैसे घेऊन विकली जायची. बाकी निष्ठावंतांना फुकट. आज त्यांतल्या बहुतांश खुर्च्या विकल्या जातात. किंमत थोडी खाली आणली, अ‍ॅपमध्ये 'एवढे भरा आणि पुढे या' असं बटण दिलं आणि लोकांनी भरले. फुकट वाटण्यापेक्षा थोडे पैसे बरे, हे कंपन्यांना उशिरा कळलं, पण कळल्यावर त्या थांबल्या नाहीत.

बोलीचा मेल हा त्याच रस्त्यावरचा पुढचा टप्पा. कॅनडात मॉन्ट्रियलला २००९ मध्ये सुरू झालेल्या प्लसग्रेडसारख्या कंपन्या विमान कंपन्यांना ही यंत्रणा तयार करून देतात. त्या यंत्रणेच्या आत काय चालतं, ते आता मंडईच्या गणिताने समजू शकतं. धरा, बिझनेसचं तिकीट दीड लाखाचं. शेवटच्या तीन दिवसांत ही खुर्ची पूर्ण किमतीला विकली जाण्याची शक्यता दहा टक्के. म्हणजे तिची आजची किंमत पंधरा हजार. तुम्ही पंचवीस हजारांची बोली लावली, तर कंपनी दहा हजारांनी फायद्यात. शिवाय तुमची मागची खुर्ची मोकळी होते, ती पुन्हा विकता येते.

मग पंधरा हजार एकची बोली का घेत नाहीत? इथे पुन्हा द्युपुई येतो. आज स्वस्तात दिलं, तर दीड लाख देणारा माणूस पुढच्या वेळी इकॉनॉमीचं तिकीट काढून बोलीच्या मेलची वाट बघेल. म्हणून बोलीला खालची मर्यादा असते आणि ती पुष्कळदा त्या दिवशीच्या गणितापेक्षा वर असते. मंडईतली बाई रोज संध्याकाळी भाव पाडत राहिली, तर सकाळी येणार कोण?

आणखी एक गोष्ट. लिलावाच्या सिद्धांतात मोठं नाव विल्यम विकरी यांचं, १९९६ चे नोबेल विजेते. त्यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं, की जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे तर त्याच्या खालच्या माणसाची बोली भरायची असा नियम ठेवला, तर प्रत्येकाला आपली खरी किंमत सांगणं फायद्याचं ठरतं. अंदाज बांधत बसावं लागत नाही. विमान कंपन्यांच्या बोलीत सहसा तसं नसतं. तुम्ही जेवढं लिहिलं तेवढं कापलं जातं. बाकीच्यांनी किती लावले, खुर्च्या किती उरल्यात, हे तुम्हाला दिसत नाही. दिसतो फक्त लाल-पिवळा-हिरवा काटा. लिलावात निदान समोरचे चेहरे दिसतात. इथे आपण एकटेच बोली लावतो, बहुतेकदा स्वतःच्याच भीतीविरुद्ध. बोली लागली तरी मूळ तिकिटाचे नियम पुष्कळदा तेच राहतात. मैल इकॉनॉमीचेच, आणि बोली एकदा स्वीकारली गेली की पैसे परत नाहीत.

खाली उतरण्याची किंमत मात्र आता ठरलेली आहे. वरच्या वर्गाचं तिकीट असताना कंपनीने खालच्या वर्गात बसवलं, तर भारतात डीजीसीएच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. वर जाण्याला असा कुठला दर नाही. ती तुम्ही घाबरून किती लिहाल यावर.

दंडवत्यांची गादी

हे सगळं वाचताना वाटायला लागलं, की वर्ग म्हटला की एवढंच होणार. गणितच तसं आहे. मग आठवले मधू दंडवते.

१९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि कोकणातल्या राजापूरचे खासदार दंडवते रेल्वेमंत्री झाले. तिसरा वर्ग नावाला त्याआधी, १९७४ मध्येच रद्द झाला होता. पाटी बदलून दुसरा वर्ग झाला, पण लाकडी फळी तशीच होती. दंडवत्यांनी तिच्यावर दोन इंच जाडीची गादी घातली. पहिल्या वर्गाची सोय काढून घ्यायची नाही, दुसऱ्याची वाढवायची, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही वर्ग नसलेली गाडी म्हणून.

द्युपुईच्या हिशोबाने हा शुद्ध तोट्याचा व्यवहार. गादी दिल्यावर पहिल्या वर्गाचं तिकीट कोण काढणार? पण रेल्वेला सगळ्या प्रवाशांना घाबरवून वरच्या वर्गात ढकलायचं नव्हतं. आज तुम्ही स्लीपरमध्ये ज्या मऊ बर्थवर झोपता, तो एका माणसाने हे गणित नाकारल्यामुळे आहे.

रेल्वेने अपग्रेडही वेगळ्या पद्धतीने केलं. २००६ पासून, तिकीट काढताना तुम्ही संमती दिली असेल, तर वरच्या वर्गातल्या रिकाम्या बर्थवर कॉम्प्युटरच तुम्हाला फुकट पाठवतो. त्यामुळे खालच्या वर्गात जागा होते आणि वेटिंग लिस्टवरचा माणूस आत येतो. त्यात रेल्वेचाही फायदा आहेच. पण तुमचा सूट, तुमचे मैल आणि तुमची भीती, यांतलं काहीच त्यात विचारलं जात नाही.

विमानात आपण उलट्या दिशेने चाललोय. २००३ मध्ये एअर डेक्कनने सामान्य माणसाला विमानात बसवलं. २००६ मध्ये इंडिगो आली. सगळ्यांना एकच वर्ग, खाली मान घालून सगळे सारखे. अठरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, इंडिगोनेही दिल्ली-मुंबई मार्गावर पुढे रुंद खुर्च्यांचा वेगळा वर्ग सुरू केला. यात लबाडी नाही. लोकांकडे पैसे आले, ते जास्त सोयीला पैसे द्यायला तयार आहेत. माझी तक्रार पुढच्या रुंद खुर्चीबद्दल नाही. मला काळजी आहे ती मागे काय काय काढून घेतलं जाईल याची. खुर्ची निवडायचे पैसे, बॅगेचे पैसे, शेजारी-शेजारी बसायचे पैसे. छप्पर एकदम उडत नाही, एकेक पत्रा निघतो.

आई काय म्हणाली

निघायच्या आदल्या दिवशी मेल आला. क्षमस्व, या वेळी आपली बोली स्वीकारता आली नाही.

विमानात आम्ही पडद्यापासून नवव्या ओळीत होतो. विमान सुटायच्या आधी पडदा उघडा होता आणि आईची जागा कडेची, त्यामुळे तिला पुढचं सगळं दिसत होतं. थोड्या वेळाने तिने माझा हात हलवला.

"अगं, पुढे तीन जागा रिकाम्याच आहेत की."

मी म्हटलं, हो.

"आता कोण येणार? दार तर लावलं." मग जरा थांबून म्हणाली, "रेल्वेत असतो तर टीसीने दिली असती."

मी तिला लिटलवुड सांगितला नाही. त्या तीन खुर्च्या त्या रात्री रिकाम्या गेल्या, आणि त्या चुकून राहिल्या नव्हत्या हे मला आता माहीत होतं. त्या रिकाम्या राहणं हेच त्यांचं काम होतं. मागे बसलेल्या आम्ही सगळ्यांनी पुढच्या वेळी बटण आणखी थोडं उजवीकडे न्यावं म्हणून. आई दर दीड-दोन तासांनी उठली, खुर्च्यांच्या पाठी धरत मागे स्वच्छतागृहापर्यंत गेली आणि परत आली. पडद्याच्या दिशेने ती एकदाही गेली नाही. तिकडे जायचं नसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

परतीच्या प्रवासाआधीही तो मेल आला. तीच पट्टी, तेच बटण. मी तो बंद केला आणि कंपनीच्या अ‍ॅपवर जाऊन इकॉनॉमीतल्याच पहिल्या ओळीत, पाय लांब करता येतील अशी कडेची एक जागा आईसाठी घेतली. स्वस्त नव्हती. पण तिची किंमत समोर लिहिलेली होती, आणि ती माझ्या शेजारच्याला जेवढी दिसत होती तेवढीच मलाही.